‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे नेमकं कसं?

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा छोटा प्रेसशॉप आहे, पत्रा दाबून त्याचे भाग घडवतो. बाबांनी १९९६ साली दोन पॉवर प्रेसवर सुरू केला. आता नऊ प्रेस, लहानशी टूलरूम आणि ३८ माणसं आहेत. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असं काम असतं. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून मी बघते. माझं शिक्षण कॉमर्सचं. टूलरूमचे आप्पा आमच्याकडे २७ वर्षं आहेत. कोणती डाय (पत्रा कापायचा-वाकवायचा पोलादी साचा) कोणत्या प्रेसला चढवायची, कुठे किती पॅकिंग घालायचं, कोणत्या पार्टीला काय चालतं, सगळं त्यांच्या डोक्यात. दिवाळीनंतर ते थांबणार आहेत, सिन्नरकडे गावी शेती बघायची म्हणतात. म्हणजे आठ महिने राहिले. त्यांच्या खिशात एक लाल डायरी असते. मागितली की हसतात आणि म्हणतात, ‘त्यात काही नाही, मॅडम.’

मध्यंतरी पुण्याच्या एका पार्टीने शॉप विकत घेण्याबद्दल विचारलं. त्यांनी शेड आणि मशीनची किंमत धरली आणि सगळ्या डाय भंगाराच्या भावाने लावल्या. आमचे सीए म्हणतात, बॅलन्सशीटप्रमाणे ते चुकीचं नाही. दीर म्हणतात, सहा लाखांचं ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घे, सगळं त्यात येईल. एका व्याख्यानात ‘स्ट्रक्चरल कॅपिटल’ हा शब्द ऐकला आणि वाटलं हे आपल्याबद्दलच चाललंय. पण घरी येऊन वाचलं तर डोकं जास्तच गरगरलं. आप्पांकडून बाँड लिहून घेऊ का? नक्की काय करू?
– एक वाचक, अंबड

उत्तर :

ताई,

‘त्यात काही नाही, मॅडम’ असं आप्पा म्हणतात ना, ते बहुतेक खरं असावं. असं का म्हणतो ते आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. आमच्याकडे हीट ट्रीटमेंटला, म्हणजे पोलाद तापवून, तेलात बुडवून कडक करायच्या कामाला, एक तात्या होते. भट्टी त्यांची, तेलाची टाकी त्यांची आणि रजिस्टरही त्यांचंच. अक्षर असं, की शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला बोलवावं. ऑक्टोबरात ते रिटायर झाले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाला. नोव्हेंबर नीट गेला, डिसेंबरही गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या पाळीचे पंच (पत्र्याला भोक पाडणारे पोलादी तुकडे) मऊ यायला लागले. ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणाऱ्या पोलादाचे पंच, ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप) यायला हवेत, तर टेस्टरचा काटा ५२ च्या पुढे सरकेना. मटेरियल तपासलं, भट्टीचं तापमान मोजणारं थर्मोकपल बदललं, सप्लायरला फोनवर झापून झालं. गंमत म्हणजे दुपारच्या पाळीत त्याच भट्टीतून, त्याच बारमधले पंच झकास निघत. शेवटी तात्यांची नऊ वर्षांची रजिस्टरं कपाटातून काढली. रोजची नोंद, सुवाच्य अक्षरात : ‘भट्टी नेहमीप्रमाणे. क्वेंचिंग नेहमीप्रमाणे.’ (क्वेंचिंग म्हणजे तापलेला जॉब तेलात बुडवणं.)

मग गेलो त्यांच्या घरी, पंचवटीत. चहा झाला, चिवडा झाला. तात्यांना काही आठवेना. ‘मी काय वेगळं करत नव्हतो हो,’ एवढंच. मी दारात चपला घालत होतो तेव्हा मागून म्हणाले, ‘थंडीत तेल जरा गरम करून घेता ना?’ कोणीच करून घेत नव्हतं. तात्या काय करायचे, तर थंडीत सकाळी पहिली बॅच टाकण्याआधी भंगारातले चार जाड तुकडे भट्टीत लाल करून तेलात सोडायचे. नाशिकची जानेवारीतली सकाळ तुम्हाला वेगळी सांगायला नको. पारा दहाच्या खाली गेला की तेल दाट होतं, जॉबच्या अंगाभोवती नीट खेळत नाही, उष्णता सावकाश ओढतं, आणि पोलाद पुरतं कडक व्हायचं राहून जातं. तेल पन्नास-साठ अंशांवर असलं की काम चोख. नऊ वर्षं तात्या हे करत होते आणि ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. आंघोळीच्या पाण्यात आधी हात घालून बघतो, हे आपण तरी कुठे लिहून ठेवतो?

आम्ही टाकीत हीटर बसवला, त्याला थर्मोस्टॅट जोडला आणि तापमापकावर ५० पाशी लाल रंगाची रेघ मारली. काटा रेघेखाली असेल तर जॉब टाकायचा नाही. तात्यांच्या डोक्यातली एक गोष्ट त्या दिवशी कंपनीची झाली. तुम्ही व्याख्यानात ऐकलेला शब्द म्हणजे तो हीटर.

पुस्तकी बाजू थोडक्यात उरकतो. स्वीडनमधल्या स्कँडिया नावाच्या विमा कंपनीने १९९१ साली लेफ एडविन्सन यांना एका तोवर न ऐकलेल्या हुद्द्यावर बसवलं : बौद्धिक भांडवलाचे संचालक. पुढे १९९४ च्या वार्षिक अहवालाला कंपनीने एक पुरवणी जोडली. इमारती, रोकड, गुंतवणूक यांच्या पलीकडे आपल्याकडे काय आहे, ते मांडण्याचा तो प्रयत्न होता. माणसांच्या अंगी असतं ते मानवी भांडवल. आणि संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर कंपनीत जे मागे उरतं, ते स्ट्रक्चरल : ड्रॉइंग, गेज (माप तपासायचं साधन), फिक्श्चर (जॉब धरून ठेवायचं साधन), कामाच्या ठरलेल्या रीती, नोंदी, सॉफ्टवेअर, पेटंट, ट्रेडमार्क. गिऱ्हाइकांशी जमलेलं नातं काही जण तिसरं म्हणून वेगळं मोजतात. स्कँडियाच्या मांडणीत ते स्ट्रक्चरलच्याच पोटात होतं. तुमचा गोंधळ बहुधा इथेच झाला असेल, कारण दोन लेख वाचले की दोन आकृत्या भेटतात. तुमच्या कामाला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मालकीने. आप्पांची अक्कल तुमच्याकडे भाड्याने आहे, संध्याकाळी स्कूटरला किक बसली की ती त्यांच्याबरोबर घरी जाते. हीटर जात नाही.

‘संरचनात्मक भांडवल’ असा मराठी प्रतिशब्द दिसतो. शॉपफ्लोअरवर हा शब्द उच्चारलात तर पोरं पाणी प्यायच्या निमित्ताने निघून जातील. आपल्याकडे याला आधीपासून शब्द आहे : घडी. सासूबाई आठ दिवस गावाला गेल्या की घराची घडी विस्कटते, आणि एखाद्या घरी विस्कटत नाही. त्या दुसऱ्या घरात काय वेगळं असतं, हाच तुमचा प्रश्न आहे.

पुण्याच्या पार्टीबद्दल. तुम्हाला राग आलेला दिसतो, पण ते हिशेबाला धरून बोलत होते. आपल्याकडच्या लेखा मानक २६ प्रमाणे घरच्या घरी तयार झालेली ख्याती (गुडविल), ब्रँड, गिऱ्हाइकांच्या याद्या बॅलन्सशीटवर मालमत्ता म्हणून दाखवता येत नाहीत. विकत घेतल्या तर दाखवता येतात. कामगारांना शिकवण्यावर घातलेला पैसा थेट खर्चात जातो. डाय दिसते म्हणून धरली जाते, पण वर्षानुवर्षं घसारा लागून तिची किंमत नावापुरती उरते. तेव्हा तुमचे सीए बरोबर आहेत. आणि जरा कडू बोलतो, पार्टीही बरोबर आहे. आप्पा गेल्यावर ज्या डाय कोणाला लावता येणार नाहीत, त्या भंगारच. त्यांनी किंमत तुमच्या डायची केली नाही, आप्पांशिवायच्या डायची केली. उद्या त्याच डाय नवख्या सेटरने अर्ध्या तासात चढवून पहिला पीस पास करून दाखवला, तर बोलणी वेगळ्या आकड्यापासून सुरू होतील. विकायचं नसेल तरी हे करून ठेवावं, कारण बँकेलाही हेच बघायचं असतं, फक्त ती विचारते वेगळ्या भाषेत.

आता एक आठवण, ती इथे का येते ते कळेलच. वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. आमचे तीर्थोपाध्याय जे होते ते कधीच वारले होते, त्यांचा पंचविशीतला नातू बसला होता. त्याने आमच्यापैकी कोणालाही पूर्वी पाहिलेलं नव्हतं. गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत जाऊन एक लांबट वही घेऊन आला आणि दहा मिनिटांत माझ्या आजोबांचं पान काढलं. कोणाबरोबर आले होते, भाऊ किती, मुलं किती, खाली सही. मला भरून आलं ते असो. पण एकतीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाच्या मनात तिथेही विचार आला, की आमच्या कंपनीला चार वर्षांपूर्वीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट दोन दिवसांत सापडत नाही आणि हा पोरगा तीन पिढ्या मागचं पान दहा मिनिटांत काढतो. कसं काढतो? लिहिणारा प्रत्येक जण एकाच क्रमाने लिहीत आला : गाव, आडनाव, मग माणसं. आणि येणारा प्रत्येक यजमान आपली नोंद करूनच उठतो. नोंद हा विधीचाच भाग आहे, नंतर फुरसतीने करायचं काम नाही.

त्याच पानावर वरच्या बाजूला आजोबांच्याही वडिलांची नोंद होती, मोडीत. ती त्या पोराला वाचता येईना. त्याने आतून काकांना हाक मारली. काका चष्मा पुसत आले आणि घडाघडा वाचून गेले. वही शाबूत होती, पण काका नसते तर ती ओळ आमच्यासाठी मुकीच राहिली असती. ईआरपीबद्दल मला जे सांगायचं आहे ते बरंचसं या काकांमध्ये आलं.

तर डायरी मागणं थांबवा. एक तर तिच्यात ‘नेहमीप्रमाणे’च्या पलीकडे फार काही निघायचं नाही. दुसरं, तिच्यात सोसायटीचा हप्ता, कोणाला दिलेली उसनवारी आणि नातवाच्या डोसची तारीखही असेल, आणि ती मालकिणीने वाचू नये असं कोणालाही वाटेल. तिसरं कारण नाजूक आहे. सत्तावीस वर्षांत बाबांनी आप्पांकडे कधी डायरी मागितली नसणार. बाबा गेल्यावर वर्षभरात मुलगी मागते, म्हणजे आपल्याला रिकामं करून सोडायचं चाललंय, असं त्यांच्या मनात येऊ शकतं. ते हसतात ते त्यामुळे असेल.

डायरीच्या ऐवजी डाय धरा. तुमच्याकडे असतील शंभर-सव्वाशे. त्यांतल्या ज्या महिन्या-दोन महिन्यांनी प्रेसवर येतात आणि ज्यांच्यावर धंदा उभा आहे अशा दहा-बारा निवडा. आप्पा एकेक डाय लावतील तेव्हा तुम्ही स्वतः स्टूल घेऊन शेजारी बसा. मॅनेजरला पाठवू नका. मॅनेजरला निम्मं कळतं, म्हणून तो निम्मं विचारत नाही. तुमचं कॉमर्स इथे कामाला येईल. आप्पा म्हणतील, ‘मग जरा टाइट करायचं.’ तुम्ही विचारा, जरा म्हणजे किती? पाव आटा की अर्धा? कशावरून कळतं की पुरे झालं? आईकडून पुरणाचं प्रमाण लिहून घेतलं असेल तर हा त्रास तुम्हाला माहीत आहे. ‘अंदाजाने घाल’ म्हणणाऱ्या बाईचा हात प्रत्यक्षात वाटीवरच असतो, फक्त ती वाटी तिला दिसत नाही.

असं बसलात की आप्पांच्या डोक्यातला ऐवज एकजिनसी नाही, हे तुमच्या ध्यानात येईल. त्यातला बराच भाग जपून ठेवायच्या लायकीचाच नसतो, आणि हे व्याख्यानात कोणी सांगत नाही. समजा, एका डायखाली आप्पा डाव्या बाजूला पत्र्याची पट्टी सारतात. विचारलं तर म्हणतात, ‘त्याशिवाय कट सारखा येत नाही.’ ही पट्टी कार्डावर लिहून पोरांना पाठ करायला लावली, तर प्रेसचा बोल्स्टर (डाय बसते तो पाट) झिजलाय किंवा रॅम (वरून खाली येणारा भाग) समांतर राहिलेला नाही, हा आजार तुम्ही घराण्याची परंपरा म्हणून पुढच्या पिढीला दिलात. प्रेस दुरुस्त करा, पट्टी मरू द्या. माझ्या अंदाजाने जुन्या माणसाच्या कसबाचा एक तृतीयांश भाग तरी मालकाने वेळेवर न केलेल्या दुरुस्त्यांना दिलेला टेकू असतो. (आमच्या कारखान्यात मी हे मीटिंगमध्ये बोललो होतो, त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट लक्षात राहण्यासारखं झालं.)

दुसरा हिस्सा लोखंडात घालता येतो. कोणती डाय कोणत्या प्रेसला, हे लक्षात ठेवायची गोष्टच नव्हे. डायच्या अंगावर ऑइलपेंटने प्रेस नंबर आणि शटहाइट (मिटलेल्या डायची उंची) लिहा. बोल्स्टरवर दोन लोकेटिंग पिना बसवा, म्हणजे डाय चुकीच्या जागी बसणारच नाही. पत्रा उलटा सरकत असेल तर एक आडकाठी लावा, की उलटा जाऊच नये. जपानमध्ये शिगेओ शिंगो या इंजिनिअरांनी हेच शास्त्र करून ठेवलं. १९६१ साली यामादा इलेक्ट्रिक कंपनीत एक लहानसा स्विच जोडताना बायका कधीकधी आतली स्प्रिंग टाकायला विसरत. शिंगोंनी ना ओरडा केला, ना सूचनांचा फलक लावला. दोन स्प्रिंगा आधी एका बशीत काढून ठेवायच्या, मग जोडणीला हात घालायचा. बशीत स्प्रिंग उरली म्हणजे विसर पडला. या युक्त्यांना ते आधी ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे बावळटाला अडवणं. ते ऐकून एक कामगार बाई रडायलाच लागली, तेव्हा त्यांनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं : चूक अडवणं. तुमच्या शॉपमध्ये पिना बसवताना ‘आता कोणीही येडा लावू शकेल’ असं आप्पांच्या देखत कोणी म्हणणार नाही, एवढं बघा. म्हणणार ते तुमचे दीर असतील असा मला संशय आहे.

पिनेत मावत नाही ते कार्डावर जातं. प्रत्येक डायचं एक कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटात, त्या डायच्याच रॅकला टांगलेलं. ऑफिसच्या फायलीत नको. शेवटचं ग्राइंडिंग कधी झालं, त्यानंतर किती स्ट्रोक मारले, क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) किती ठेवला, कोणती स्प्रिंग बदलली. आणि बेंडिंगच्या डायवर एक ओळ हवीच : पत्र्याची नवी कॉइल आली की स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा जेवढा मागे उसळतो तो) बदलतो, तेव्हा पहिला पीस गेजला लावून कोणता स्क्रू कोणत्या दिशेला किती फिरवायचा. कार्डावर ‘नेहमीप्रमाणे’, ‘योग्य’, ‘गरजेनुसार’ हे शब्द दिसले की ते परत पाठवायचे. निम्मी पोरं बिहार-यूपीची असतील तर कार्ड हिंदीतही करा. मोबाइलवर आप्पांच्याच बोलीत दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढा आणि फाइलला डायचा नंबर द्या. ‘आप्पा व्हिडिओ नवीन फायनल २’ असं नाव दिलंत तर तो गेला. आणि रामकुंडाची रीत विसरू नका : सेटरने कार्डावर सही केल्याशिवाय पहिला पीस पास होत नाही. नोंद कामातच गुंतवली नाही तर महिन्याभरात कार्डांवर धूळ बसते. ऑडिटसाठी मी एकदा एकशे चाळीस पानी कार्यपद्धती लिहिली होती. बाइंडिंग उत्तम होतं, हीटर सेक्शनमधली खिडकी उघडी ठेवायला पुढे चार वर्षं तीच वापरात होती.

मग उरतं ते हातातलं. प्रेसचा आवाज बदलला की आप्पा पाठमोरे असतानाही थबकतात. कडेवरून नख फिरवून ते बर (कापलेल्या कडेवरची धारदार कंगोरी) किती आलाय ते सांगतात. हे कार्डात येत नाही, पिनेत येत नाही, सहा लाखांत तर अजिबात येत नाही. त्याला शेजारी माणूसच लागतो, तोही आजपासून. आयटीआयतून टूल अँड डाय मेकर झालेला एखादा मुलगा घ्या किंवा तुमच्याकडचाच चौकस हेल्पर उचला, पण निवड आप्पांना करू द्या. आप्पांनी न निवडलेल्या पोराला आप्पा शिकवणार नाहीत, चहा आणायला पाठवतील. शिकवणीचा वेगळा पैसा द्या, दर महिन्याला, पगाराच्या चिठ्ठीवर वेगळी ओळ घालून. सत्तावीस वर्षं त्यांना डाय लावायचा पगार मिळाला, शिकवायचा नाही. ते नवं काम आहे आणि नव्या कामाला दाम हवा.

बाँडचा विचार सोडून द्या. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे तोच धंदा किंवा काम करायचं नाही, अशी अट त्यापुढे टिकत नाही. तुमची आणि पार्टीची ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत एवढं गोपनीयतेचं पत्र सगळ्यांकडून घ्या, ते रास्त आहे. पण सिन्नरला कांदा लावायला निघालेल्या माणसाकडून स्टॅम्पपेपरवर सही घेणार? त्या दिवसापासून ते डाय लावतील, तोंड उघडणार नाहीत. आणि ग्रॅच्युइटीच्या चेकचा आणि या सगळ्याचा संबंध कोणाच्याही बोलण्यात येता कामा नये. तो त्यांचा हक्क आहे, बक्षीस नाही.

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीने मला खरी धास्ती वाटली, आणि ती डाय लावण्याची नाही. ‘कोणत्या पार्टीला काय चालतं’ हे आप्पांच्या डोक्यात आहे, असं तुम्ही सहज लिहून गेलात. याचा अर्थ असा, की काही पार्ट ड्रॉइंगपेक्षा वेगळे जातात आणि तिकडचा कोणी साहेब ते वर्षानुवर्षं घेतो. भोकाचं माप मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांनी मोठं, पण ‘त्यांना चालतं’. हे दोन माणसांमधलं तोंडी खातं आहे. आप्पा नोव्हेंबरात जातील, तिकडचा साहेबही कधीतरी बदलेल, आणि नवा इंजिनिअर व्हर्निअर लावून अख्खा लॉट परत पाठवेल. तेव्हा तुमच्या हातात दाखवायला कागद नसेल. म्हणून आप्पा आहेत तोवर अशा सगळ्या ‘चालतं’ची यादी करा. आप्पांना घेऊन त्या-त्या पार्टीकडे जा. ओळख करून द्यायला आलो म्हणा, आणि एकतर ड्रॉइंग सुधारून घ्या किंवा लेखी सवलत घ्या. जे दोन्ही देणार नाहीत त्यांचा पार्ट ड्रॉइंगप्रमाणे करायला लागा. आठ महिन्यांतले पहिले दोन यालाच द्या. बोल्स्टर थांबेल, हे थांबणार नाही.

तुमच्या भिंतीवर दर्जा-व्यवस्थापनाचं आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र फ्रेममध्ये असेलच. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ क्रमांकाचं कलम आहे. कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवा, जपा आणि लागेल तिथे उपलब्ध ठेवा, असं ते सांगतं. ऑडिटरने त्यावर काय विचारलं आणि तुमच्या माणसाने काय उत्तर दिलं, ते जुन्या रिपोर्टात एकदा वाचा. करमणूक होईल.

ईआरपी घ्यायचं तर पुढच्या वर्षी घ्या. कार्डं सहा महिने हाताने चालली, पोरांनी भरली, तर त्यांतल्या कोणत्या रकान्यांची खरोखर गरज आहे ते कळेल आणि सॉफ्टवेअरवाल्याला तुम्ही सांगाल काय हवं ते. आज घेतलंत तर तो तुम्हाला सांगेल. मोजमापाचंही तेच. स्ट्रक्चरल भांडवल किती टक्के झालं वगैरे आकडे काढायच्या नादाला लागू नका. ज्या स्कँडियाने जगाला हे मोजायला शिकवलं, ती पुढे भलत्याच भानगडींत अडकली आणि २००६ साली ओल्ड म्युच्युअलच्या ताब्यात गेली. तिची आकृती आजही वर्गात शिकवतात.

तुम्हाला मोजायचंच असेल तर एक डाय घ्या, सगळ्यात किचकट असेल ती. आठ महिन्यांत ती चारदा तरी प्रेसवर चढेल. पहिल्यांदा आप्पांनी लावावी आणि तुम्ही, मी म्हटलं तसं, स्टूलवर. दुसऱ्यांदा पोराने लावावी, आप्पांनी बोलावं. तिसऱ्यांदा आप्पांनी टूलरूमच्या दारात खुर्ची टाकून बसावं आणि हाताची घडी सोडायची नाही, हे त्यांना फार जड जाईल. चौथ्या वेळी त्यांना सहकुटुंब त्र्यंबकेश्वरला पाठवा, गाडी कंपनीची द्या, आणि त्यांचा फोन तुमच्या टेबलाच्या खणात ठेवून घ्या.